नुसतं ‘तेल’ लिहून थांबू नका

प्रति,
औषधी वनस्पतींच्या तेलांवर संशोधन करणारे अभ्यासक आणि ते संशोधन छापणारे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बावीस वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत जीवरसायन विभागात काम करते. लिपिड प्रोफाइलच्या नळ्या रोज हाताखालून जातात. नळी फिरवून बाहेर काढली की लाल पेशी खाली बसतात आणि वर सीरम उभं राहतं. ते पिवळसर, नितळ असावं लागतं. गेल्या वर्षी एका सकाळी एका नळीतलं सीरम दुधासारखं पांढरं निघालं. नळीवरचं नाव माझ्या मामाचं होतं.

ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून वाहणारी चरबी, ९४०. एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या, रकान्यात यंत्राने आकडाच दिला नव्हता. याचं कारण बऱ्याच वाचकांना ठाऊक नसतं. एलडीएल पुष्कळदा थेट मोजत नाहीत, ते काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. १९७२ सालचं हे फ्रीडवाल्डचं सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की चालत नाही. म्हणजे ज्या आकड्यासाठी मामाने एवढा खटाटोप केला होता, तो आकडा त्या दिवशी मिळालाच नाही.

खटाटोप असा, की तीन महिन्यांपूर्वी त्याने दोन्ही गोळ्या थांबवल्या होत्या. एक स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, दुसरी ट्रायग्लिसराइडसाठीची. त्यांच्या जागी सकाळ-संध्याकाळ एकेक मोठा चमचा कलौंजीचं तेल. मी रागावले, तर त्याने एक छापील लेख पुढे ठेवला. “अगं, हे काय ऐकीव नाही. संशोधन आहे. वाच तरी.” मी वाचला. दोनदा वाचला. लेखातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. खोटं लिहिणाऱ्यांना लिहून उपयोग नसतो.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. मामाचं सीरम गोळ्या थांबवल्याने दुधाळ झालं, तेलाने झालं की आणखी कशाने, हे मला सांगता येणार नाही. एका माणसाच्या एका नळीवरून तेलाला दोषी ठरवणं हे, तशाच एका नळीवरून तेलाचे गोडवे गाण्याइतकंच चुकीचं आहे. मी तेलांच्या विरोधात नाही. माझी तक्रार तुमच्या लेखांत जे लिहिलेलं नसतं, त्याबद्दल आहे.

पहिली अडचण ‘तेल’ या शब्दाचीच. बी दाबून काढलेलं तेल आणि पानाफुलांवरून वाफ सोडून उतरवलेलं तेल, दोघांनाही आपण तेलच म्हणतो. जवस, करडई, कलौंजी यांच्या बियांचं तेल म्हणजे जवळपास सगळं ट्रायग्लिसराइडच: ग्लिसरॉलच्या कण्याला लटकलेली तीन मेदाम्लं (फॅटी ॲसिड). मामाच्या नळीत पांढरं दिसत होतं तेही हेच. उलट निलगिरी, पुदिना, गवती चहा यांच्या अर्काच्या तेलात मेदाम्लं नसतातच. ही तेलं मुख्यतः टर्पीन वर्गातल्या उडून जाणाऱ्या रेणूंची बनलेली असतात. त्यांपैकी काही रेणू यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवणारं विकर (एन्झाइम) मंदावतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. स्टॅटिन ज्याला अडवतं तेच हे विकर. पण त्यांची मात्रा थेंबांत मोजायची असते. निलगिरीच्या तेलाचे काही मिलिलिटर लहान मुलाच्या पोटात गेले तर जिवाशी खेळ होतो. एका शीर्षकात ‘सुगंधी वनस्पतींच्या तेलाने मेद घटला’ आणि दुसऱ्यात ‘बियांच्या तेलाने मेद घटला’ असं छापून आलं, की वाचणारा दोन्ही बाटल्या एकाच फळीवर ठेवतो आणि एकाच चमच्याने घेतो.

लसणाचं तेल घ्या. लसूण कोलेस्टेरॉल उतरवतो ही समजूत जुनी. १९९८ मध्ये जर्मन संशोधकांनी वाफेने काढलेलं लसणाचं तेल, ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कोलेस्टेरॉल वाढलेल्या २५ जणांना बारा आठवडे दिलं. त्याच माणसांना आणखी बारा आठवडे बिनऔषधी गोळी दिली. दोन्ही काळांत काहीच फरक पडला नाही. मग प्रश्न आला, वाफेत लसणाचा गुण उडून जातो का? २००७ मध्ये अमेरिकेत १९२ जणांना सहा महिने तीन प्रकारांनी लसूण देऊन पाहिला, एका गटाला तर कच्चा. एलडीएल हललं नाही. मला या दोन अभ्यासांचं कौतुक आहे ते निकाल ‘नाही’ आला म्हणून नव्हे. कोणता भाग, कसा काढलेला, किती, किती दिवस आणि कशाच्या तुलनेत, हे सगळं त्यांत मांडलेलं आहे. निकाल उलटा आला असता तरी मी त्यांवर विश्वास ठेवला असता.

आता मामाच्या कलौंजीकडे येते. तिचं शास्त्रीय नाव नायजेला सटायव्हा. कुणी तिला काळं जिरं म्हणतं, कुणी कांद्याचं बी समजतं. ती ना जिऱ्याच्या कुळातली ना कांद्याच्या. नुसतं देशी नाव छापू नका, हे मी केवळ काटेकोरपणापायी सांगत नाही. वाचणारा त्या नावावरून बी शोधतो आणि भलतंच घरी आणतो. तर या कलौंजीवरच्या १७ चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये एक विश्लेषण झालं. एलडीएल (दर १०० मिलिलिटरमागे) सरासरी सुमारे १४ मिलिग्रॅमने उतरलं, ट्रायग्लिसराइड सुमारे २० ने. एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल यांवर भुकटीपेक्षा तेलाचा परिणाम अधिक दिसला, एचडीएल मात्र भुकटीनेच वाढलं. मामाच्या लेखात हे होतं, आणि ते खरं होतं. पण १४ मिलिग्रॅम म्हणजे किती, हे त्यात नव्हतं.

ते मी माझ्या बाकावर बसून सांगू शकते. एलडीएल ३८ ते ३९ मिलिग्रॅमने कमी करून काही वर्षं तसंच टिकवलं, तर हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे मोठे प्रसंग साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात. स्टॅटिनच्या मोठमोठ्या चाचण्या एकत्र करून काढलेला हा हिशोब आहे. त्या प्रमाणात १४ मिलिग्रॅमचा वाटा फार तर आठ टक्क्यांच्या आसपास येतो, तोही उतार वर्षानुवर्षं टिकला तर. स्टॅटिनची नेहमीची मात्रा एलडीएल ३० ते ५० टक्के खाली आणते. म्हणजे १६० असेल तर ५० ते ८० मिलिग्रॅम. शिवाय कसलंही औषध न घेता, काहीही न बदलता एकाच माणसाचं एलडीएल दोन तपासण्यांमध्ये आठ-दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होतं. ट्रायग्लिसराइड तर वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त. म्हणून १४ चा फरक मोठ्या गटाच्या सरासरीत खरा असला, तरी एकट्या माणसाच्या एका अहवालात तो दिसेलच असं नाही, आणि दिसला तरी तेलामुळेच झाला असं म्हणता येत नाही. आकडा खूप वर असताना माणूस तपासणीला येतो, पुढच्या वेळी तो आकडा आपोआप थोडा खाली येतोच. हा उतार ज्या बाटलीच्या वाट्याला येईल ती बाटली गुणकारी ठरते. अशा बाटल्यांची यादी आमच्या खिडकीपाशी मी रोज ऐकते.

सगळ्यात जास्त खटकतं ते ‘कशाच्या जागी?’ या प्रश्नाला तुमच्या लेखांत मिळणारी बगल. तेल आहाराबाहेर घेतलं जात नाही. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. ते कशाची तरी जागा घेतं, नाहीतर आधीच्या आहारावर भर घालतं. संपृक्त मेद (तूप-लोण्यासारखा घट्ट) काढून त्या जागी असंपृक्त, म्हणजे पातळ राहणारं, तेल आलं तर कोलेस्टेरॉल उतरतं, हे साठ वर्षांपासून माहीत आहे. संपृक्त मेद जेवढं चढवतो, त्याच्या साधारण निम्मं बहुअसंपृक्त मेद उतरवतो, असं १९६० च्या दशकातल्या समीकरणांनी मांडलं. मग करडईच्या तेलाने एलडीएल घटलं असं आपण म्हणतो तेव्हा श्रेय करडईचं किती आणि जे काढून टाकलं त्याच्या अनुपस्थितीचं किती? खोबरेल तेलाचंही तेच. २०२० मध्ये १६ चाचण्यांचं विश्लेषण झालं. त्यात खोबरेल तेलाने इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने चढवलं, एचडीएलही चारेक मिलिग्रॅमने वाढवलं. ‘इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत’ हे शब्द गाळले की वाक्याचा अर्थच बदलतो, आणि ते नेमके गाळले जातात.

तुलनेचं तेल किती घोळ घालू शकतं याचं मला माहीत असलेलं सर्वांत ठसठशीत उदाहरण वनस्पतींचं नाही, माशांच्या तेलाचं आहे. रिड्यूस-इट या चाचणीचे निकाल २०१९ मध्ये छापून आले. ८,१७९ रुग्णांपैकी एका गटाला माशांच्या तेलातून शुद्ध केलेलं इपीए हे ओमेगा-३ मेदाम्ल दिलं आणि दुसऱ्याला बिनऔषधी म्हणून खनिज तेल. इपीए गटात हृदयविकाराचे प्रसंग २५ टक्क्यांनी कमी निघाले. पण खनिज तेलाच्या गटात एलडीएल सुमारे दहा टक्के चढलं होतं. पाठोपाठ २०२० मध्ये स्ट्रेंथ ही चाचणी आली. तिच्यातलं औषध थोडं वेगळं होतं आणि तुलनेला मक्याचं तेल होतं. फायदा दिसला नाही. एकीकडे औषध चांगलं होतं की समोरचं तेल वाईट, यावर अजून वाद चालू आहे. हजारो रुग्णांच्या, वर्षानुवर्षं चाललेल्या चाचण्यांची ही गत, तर तीस माणसं आणि आठ आठवडे यांवर उभा असलेला लेख तुलनेचं तेल नोंदवायला कसा विसरतो?

जवसाबद्दल थोडक्यात. त्याच्या तेलातला निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ मेदाम्ल असतो, म्हणून ते हृदयासाठी म्हणून घेतलं जातं. पण २००९ मध्ये चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा अख्ख्या जवसाने कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसलं, तेलाने नाही. बी दाबून तेल काढलं की तंतू आणि लिग्नान नावाची वनस्पती-द्रव्यं बहुतेक पेंडीत राहतात. हे तेल हवेत लवकर बिघडतंही. चित्रकार त्यात रंग कालवतात ते याच गुणापायी: हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं आणि वाळतं. महिनाभर उघड्या बाटलीत राहिलेलं तेल आणि ताजं तेल एकच समजून चाचणी करता येत नाही. तरी तेल कधी काढलं, कसं ठेवलं, हे किती लेखांत लिहिलेलं असतं?

उंदरांवरचे प्रयोग तर ढिगाने आहेत. १९१३ मध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल सशांना चारून त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर तयार करून दाखवले, तेव्हापासून या क्षेत्रात प्राण्यांचं ऋण मोठं आहे. पण प्रयोगशाळेतल्या मोठ्या पांढऱ्या उंदराच्या रक्तात कोलेस्टेरॉल बहुतांशी एचडीएलमध्ये असतं. एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल दुसऱ्या कणांकडे पोचवणारं सीईटीपी हे प्रथिन त्याच्याकडे नसतं. त्याचं कोलेस्टेरॉल सहजी चढत नाही. म्हणून त्याच्या खाण्यात कोलेस्टेरॉलबरोबर पित्ताम्ल मिसळावं लागतं, किंवा ट्रायटन नावाचं डिटर्जंट टोचून मेद विघटन करणारं विकरच अडवावं लागतं. अशा कृत्रिम चढावरून वनस्पतीच्या तेलाने आकडा उतरला, तर माणसाबद्दल काय कळलं? तपासून पाहण्याजोगं काहीतरी आहे, एवढंच. शिवाय या मोठ्या उंदराला शरीराच्या किलोमागे दिलेली मात्रा माणसासाठी साधारण सहाने भागावी लागते. तो भागाकार लेखात करून दाखवा. वाचणाऱ्याला तो जमणार नाही.

आता ज्याने माझी स्वतःची खात्री डळमळली, ते लिहिते. माझं आयुष्य आकडे मोजण्यात गेलं, म्हणून आकडा उतरला की मला बरं वाटतं. सिडनीमध्ये १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका किंवा छातीतली कळ अनुभवलेल्या ४५८ पुरुषांवर एक अभ्यास झाला. एका गटाने संपृक्त मेदाच्या जागी करडईचं तेल आणि त्यापासून केलेलं मार्गरिन (लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल) घेतलं. कोलेस्टेरॉल उतरलं. त्या अभ्यासाची हरवलेली माहिती जुन्या चुंबकीय फितीवरून परत मिळवून २०१३ मध्ये नव्याने मांडली गेली, तेव्हा करडई गटातले १७.६ टक्के पुरुष अभ्यासाच्या काळात मरण पावले होते आणि दुसऱ्या गटातले ११.८ टक्के. मिनेसोटात १९६८ ते १९७३ या काळात ९,४२३ जणांवर मक्याच्या तेलाचा अभ्यास झाला. तिथेही कोलेस्टेरॉल चांगलंच घटलं, मृत्यू घटले नाहीत. त्याचं पूर्ण चित्र बाहेर यायला २०१६ उजाडलं.

यावरून ही तेलं मारक आहेत असं मी म्हणत नाही. सिडनीच्या मार्गरिनमध्ये ट्रान्स मेद (तेल घट्ट करताना तयार होणारा घातक मेद) असण्याची शक्यता दाखवली गेली आहे, आणि लॉस एंजेलिसमधल्या ८४६ माजी सैनिकांच्या १९६९ मध्ये छापलेल्या अभ्यासात अशाच अदलाबदलीने धमन्यांच्या आजाराचे प्रसंग घटलेलेही दिसले. पण ‘रक्तातला आकडा उतरला’ आणि ‘माणूस वाचला’ ही दोन वाक्यं आहेत. एचडीएलच्या बाबतीत तर हे केव्हाच सिद्ध झालं आहे. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांहून अधिक वाढवलं, आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत आहेत असं दिसल्यावर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. तरीही ‘चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं’ हे वाक्य तेलांच्या लेखांत विजयाच्या सुरात येतं.

संपादकहो, ‘नाही’ असा निकाल छापायला जागा ठेवा. गुग्गुळाच्या डिंकाने कोलेस्टेरॉल उतरतं असं अनेक छोटे अभ्यास सांगत होते. २००३ मध्ये १०३ जणांवर आठ आठवड्यांची नीट बेतलेली चाचणी झाली. गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल चार-पाच टक्क्यांनी चढलं, काहींच्या अंगावर पुरळ उठलं. उसाच्या मेणातून काढलेल्या पोलिकोसॅनॉलबद्दल क्यूबातल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं घवघवीत निकाल दिले. २००६ मध्ये जर्मनीत १४३ रुग्णांवर वेगवेगळ्या मात्रा तपासल्या गेल्या, एकीनेही काही झालं नाही. हे निकाल छापून आले म्हणून आपल्याला कळले. प्रेडिमेड या ऑलिव्ह तेलाच्या अभ्यासाच्या कर्त्यांचं मला मोल वाटतं. गट पाडताना काही ठिकाणी चूक झाली होती हे कळल्यावर त्यांनी २०१३ चा लेख मागे घेतला आणि २०१८ मध्ये हिशोब नव्याने मांडून परत छापला. निष्कर्षाची दिशा तीच राहिली, मात्र तो सांगण्याची भाषा मवाळ झाली. त्यांच्या आकड्यांवर माझा विश्वास उलट वाढला.

तेव्हा तुमच्याकडे मागणं आहे ते एवढंच, की तेलाची पूर्ण ओळख द्या. वनस्पती कोणती, भाग कोणता, दाबून काढलं की वाफेने, त्यात मेदाम्लं कोणती आणि किती. रोजची मात्रा ग्रॅममध्ये. त्याच्या जागी दुसऱ्या गटाने काय घेतलं. आणि सगळ्यात आधी, अगदी सारांशाच्या पहिल्या चार ओळींत, भाग घेणारे आपल्या गोळ्या चालू ठेवून तेल घेत होते की गोळ्या बंद करून. मामाच्या लेखात ज्या चाचणीचा हवाला होता, ती मी शोधून वाचली. तिच्यातले रुग्ण गोळ्या घेत होते. ही माहिती पाचव्या पानावर, एका तक्त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपेत होती. तिथून ती मामाच्या लेखापर्यंत पोचलीच नाही. ज्यांचं ट्रायग्लिसराइड आधीच खूप वर आहे त्यांना अभ्यासातून वगळलं होतं, हेही तिथेच होतं. अशा रक्तात आणखी मेदाची भर पडली तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. मामासारखा माणूस त्या अभ्यासात नव्हताच.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, तेल थांबवायला सांगितलं. सहा आठवड्यांनी सीरम नितळ आलं, ट्रायग्लिसराइड २६०. एलडीएलचा आकडाही निघाला. तेलाची बाटली मात्र मामाने टाकलेली नाही, कपाटात आहे. परवा त्याने विचारलं, “गोळ्या चालू ठेवून अर्धा चमचा घेतलं तर?” मी त्याला सांगितलं की तुझ्यासारख्या रक्तावर कुणी हे करून पाहिलं आहे का, ते शोधते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटलीला हात लावू नकोस. तीन आठवडे शोधते आहे. तुमच्यापैकी कुणी ते केलं असेल, तर निकाल कसाही असो, छापा. मी तो त्याला वाचून दाखवीन.

आपली,
रक्ततपासणी प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ